‘पाणी कसं’ हा रकाना

४ मार्च, मंगळवार

आजपासून दैनंदिनी लिहीत आहे. यापूर्वी कधी लिहिली नाही. एकतीस वर्षे वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांचा मजकूर वाचला. वाचणाऱ्याने लिहू नये असे माझे मत होते आणि ते सोयीचेही होते.

तिचा उल्लेख ‘सौ.’ असा करावा की ‘कै.’ असा, याचा निर्णय होत नाही. म्हणून ‘ती’ असेच लिहितो. ती २३ जानेवारीस गेली. कावीळ झाली आणि नवव्या दिवशी सर्व संपले. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘काविळ’ असे लिहिले होते. मी ते दुरुस्त करून घेतले. दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

मुलगी दूर असते. दर रविवारी दूरध्वनी करते. तिने सुचविले की आईचा संगणक रोज थोडा वेळ उघडून बसा, मन रमेल. उद्या पाहीन.

६ मार्च, गुरुवार

तिची अनुदिनी पाहिली. लोक तिला ब्लॉग म्हणतात. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ती अकरा महिने हे लिहीत होती, याची मला कल्पना होती. काय लिहीत होती, याची नव्हती. आपल्या गल्लीत सदतीस घरे आहेत. सकाळी साडेसहा ते साडेसात नळाला पाणी येते. त्यानंतर घरोघरचे लोक तिला फोन करीत किंवा स्वतःच खाली अभिप्रायात लिहीत, आणि ती रोज एक तक्ता प्रसिद्ध करी. रकाने तीन: वेळ, घर, ‘पाणी कसं’.

ही पत्रकारिता नव्हे, असे मी तिला एकदा स्पष्ट सांगितले होते. बातमी उपसंपादक, मुद्रितशोधक आणि संपादक अशा तीन उंबरठ्यांवरून घरात येते. जो उठेल त्याने लिहावे, ही तर चावडी झाली. ती म्हणाली होती, “मग तुमच्या पेपरला पाठवा ना कुणाला तरी चावडीवर.” कोणी आले नाही. पाणीपुरवठा कार्यालयाचे ‘पुरवठा सुरळीत’ हे पत्रक मात्र त्या सुमारास छापून आले. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात त्याचे मुद्रित मीच तपासले होते. त्यात एकही चूक नव्हती.

अनुदिनीत मात्र चुकांचा सडा आहे. ऱ्हस्व-दीर्घाचे भान नाही. तिसऱ्या रकान्यात तर लोकांनी वाटेल ते लिहिले आहे: फेसकट, खरकटं, मोरीचं, साबणी, शिळं. आमच्या घरापुढे, म्हणजे चौदा क्रमांकापुढे, बहुतेक दिवस एकच शब्द आहे: उष्टं.

९ मार्च, रविवार

मुलीशी बोलताना म्हणालो की आईचे लिखाण शुद्ध करून ठेवण्याचा विचार आहे. तिची आठवण म्हणून. लोक अजून वाचतात. चुकांसकट राहू देणे बरे दिसत नाही.

मुलगी म्हणाली, “आई तुम्हाला का दाखवायची नाही, माहितीये ना?”

“तिला संकोच वाटत असे.”

“ती म्हणायची, यांना दाखवलं की परीक्षेचा पेपर होतो. लग्नाआधी तिनं लिहिलेलं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं, बाबा.”

ते खरे आहे. तीन चुका होत्या. त्या वेळी तिने ते हसण्यावारी नेले होते, असे मला स्मरते.

१५ मार्च, शनिवार

काम वेगाने चालू आहे. सकाळी नऊला बसतो, एकला उठतो. कार्यालयात असल्यासारखे वाटते. खरे सांगायचे तर तिच्याशेजारी बसल्यासारखे वाटते. आमच्या संसारात आम्ही इतका वेळ एका टेबलाशी कधी बसलो नव्हतो.

पहिल्या दहा दिवसांचे तक्ते केवळ शुद्धलेखनापुरते तपासले. परंतु संपादनाचा पहिला नियम एकरूपता हा आहे. एका गोष्टीला मजकुरात एकच शब्द हवा. ‘खरकटे’ हे विशेषण भांड्याला लागते, पाण्याला नाही. ‘उष्टे’ अन्न असते. ‘फेसकट’ कोशात सापडत नाही. ‘मोरीचं’ हा शब्द चारचौघांत शोभत नाही. बराच विचार करून तिसऱ्या रकान्यासाठी दोन पदे निश्चित केली: ‘स्वच्छ’ आणि ‘गढूळ’. कोणाही सुशिक्षित माणसास ती समजतील.

अभिप्रायांतूनही अनावश्यक भाग वगळतो आहे. गल्लीतल्या सलूनवाल्याने एके ठिकाणी लिहिले होते, “आंघोळ केली की त्या आंघोळीची आंघोळ करावी लागते.” द्विरुक्ती आहे. काढून टाकले.

२४ मार्च, सोमवार

काम पूर्ण. एकूण तीनशेच्या वर तक्ते. सलूनवाल्याचा अभिप्राय आला आहे: “काका आता एकदम पेपर वाचल्या सारखं वाटतय.” हा अभिप्राय मी दोनदा वाचला. ‘वाचल्यासारखं’ हा शब्द जोडून हवा आणि ‘वाटतंय’वर अनुस्वार हवा, पण भावना पोचली.

संध्याकाळी बावीस क्रमांकाच्या शिवणवाल्या बाई दाराशी आल्या. गल्लीत मला ‘अनुस्वार’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, त्या जिन्यात कोणाला तरी “अनुस्वार घरी आहेत का?” असे विचारीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “काका, मावशींच्या नोंदींना हात लावताय म्हणे.”

“हात नव्हे. शुद्धलेखन.”

“मग हरकत नाही. माझं तर कधीच शुद्ध नसतं. शिवण सरळ येते एवढंच.” त्या हसल्या. “दोन तारखेला पाण्याच्या ऑफिसात सुनावणी आहे. पाइप बदलून मिळावा म्हणून मावशींनीच अर्ज केला होता. सगळ्या नोंदी छापून न्यायच्यात. तेवढं कराल?”

मी अवश्य म्हणालो.

जाताना त्यांनी सांगितले की सुनेला सातवा महिना आहे आणि तिला माहेरी पाठविले आहे. डॉक्टरांनी बजावले आहे की हे पाणी तिच्या पोटात जाता कामा नये. “जुना पाइप उपटून नवा घातला, की त्याच दिवशी जाऊन घेऊन येते. बाळंतपण माझ्या हातचं व्हायला हवं. तिला आई नाही.”

मग मुद्रणप्रत उत्तम निघावी म्हणून मी समास थोडे रुंद केले.

२ एप्रिल, बुधवार

सुनावणी झाली. नोंदींसंबंधी काही प्रश्न उपस्थित झाले. पुढील तारीख सोळा. उकाडा आहे.

३ एप्रिल, गुरुवार

काल जे लिहिले ते चूक नव्हते, अपुरे होते. आज पूर्ण लिहितो, कारण सकाळपासून दुसरे काही करता आलेले नाही.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे सुनावणी अधिकारी बाई, त्यांच्या डावीकडे पाणीपुरवठ्याचे उपअभियंता. अलीकडे गल्लीतले आम्ही सहाजण. माझी मुद्रणप्रत टेबलावर होती. अधिकारी बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, “फार स्वच्छ काम आहे.” मला बरे वाटले. ते बरे वाटणे आज आठवते तेव्हा कान तापतात.

उपअभियंत्यांनी प्रत स्वतःकडे ओढली. पाच-सहा पाने उलटली. मग म्हणाले, “मॅडम, माझं काम यांनीच सोपं केलं. गढूळ म्हणजे काय? माती. माती तलावातून येते, सगळ्या शहराला येते. फडक्यानं गाळा, भांडं थोडा वेळ ठेवा, खाली बसते. यात आमच्या पाइपचा संबंध काय? सांडपाणी मिसळत असेल तर वास येईल, फेस येईल. इथं एका तरी ओळीत वास लिहिलाय का?”

शिवणवाल्या बाईंनी मान पुढे करून कागद पाहिला. त्या अक्षर अक्षर लावून वाचतात.

“आणि दुसरं,” उपअभियंता म्हणाले, “सदतीस घरं, अकरा महिने, आणि सगळ्यांना सुचला तो एकच शब्द? माझ्या घरी चार माणसं आहेत, मॅडम. एका चहाला चौघं चार नावं ठेवतात. हे एका हाताचं काम आहे.”

शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “हे माझं नाही.”

“काय नाही?” अधिकारी बाईंनी विचारले.

“हा शब्द. गढूळ. मी असं कधी म्हटलंच नाही. मी म्हणायचे खरकटं. मावशी तेच लिहायच्या.”

“म्हणजे तुमच्या नावापुढची नोंद तुमची नाही?”

बाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “काकांना विचारा,” त्या म्हणाल्या.

उपअभियंत्यांचा स्वर मऊ झाला. मला वाटते, ते दुष्ट गृहस्थ नाहीत. म्हणाले, “जाऊ द्या, मॅडम. लिहिणाऱ्या बाई आता हयात नाहीत. बसून लिहिलं असेल सगळ्यांच्या वतीनं. हौस असते एकेकाला.”

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही त्यांचे यजमान. तुम्हाला यातलं काही सांगायचंय?”

मी म्हणालो, “मला त्यातले फारसे माहीत नाही.”

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

४ एप्रिल, शुक्रवार

संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. पूर्वीचे रूप कोठे जपून राहते का, असे विचारले. तो म्हणाला, “प्रत्येक वेळी सेव्ह केलंत ना? मग गेलं, काका. त्याला काय माहीत कुठलं बरोबर?”

अनुदिनीवर काल रात्रीपासून अकरा अभिप्राय आले आहेत. तीन उतरवून घेतो, आहेत तसे:

“मावशीनी आमच्या नावा वर स्वताच लिहिल का?”

“आम्ही रोज फोन करायचो येवढ काय खोट बोलायच”

“मेलेल्या माणसा बद्दल बोलू नये पण आपलं हसं झाल.”

प्रत्येक ओळीत चुका आहेत. त्यांतली एकही दुरुस्त करण्याची इच्छा झाली नाही.

५ एप्रिल, शनिवार

शिवणवाल्या बाई आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

“काका, एकच विचारते. तो शब्द तुम्ही घातलात ना?”

“हो.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. एकरूपता असावी म्हणून.”

“काय असावी?”

मी समजावून सांगू लागलो. निम्म्यावर थांबलो. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे सात बायका ब्लाउज शिवतात. सातही जणींना मी एकाच मापाचा शिवून देऊ का? सुबक दिसतील रांगेत.”

नंतर त्यांनी विचारले, “तुम्ही कधी प्यायलात हे नळाचं पाणी?”

मी म्हणालो, “आमच्याकडे पिण्याचे पाणी उकळून, गाळून ठेवलेलेच असते.”

“असते नाही. असायचं. मावशी ठेवायच्या.”

माझ्या वाक्यात कर्ता नव्हता. संसाराच्या बत्तीस वर्षांत तो कधी जाणवला नाही. ती गेल्यापासून मी दुकानातून पाण्याचे बुधले आणतो. त्याचेही कारण मी कधी मनाशी तपासले नव्हते.

बाई दारापाशी पुन्हा थांबल्या. “तुम्हाला उकळून द्यायच्या, पण स्वतः रोज सकाळी नळाचा एक घोट घ्यायच्या. मी कितीदा रागावले. म्हणायच्या, न चाखता लिहायचं म्हणजे ऐकीव लिहायचं. आजारी पडल्या त्या दिवशीसुद्धा नोंद केली होती त्यांनी. ती तरी ठेवलीत का?”

मी १४ जानेवारीचा तक्ता उघडून पाहिला. घर क्रमांक चौदा: गढूळ.

पुढे काही लिहीत नाही.

९ एप्रिल, बुधवार

चार दिवस लिहिले नाही. कागदावर एक निवेदन तयार करीत होतो. पहिला मसुदा असा होता: ‘नोंदींचे प्रमाणीकरण करताना अनवधानाने काही मूळ शब्द बदलले गेले.’ यातही कर्ता नाही. ‘बदलले गेले’: जणू उंदरांनी कुरतडले. दुसऱ्या मसुद्यात ‘अनवधानाने’ काढले, कारण अवधान पुरेपूर होते. तिसऱ्यात ‘काही’ काढले, कारण सर्वच होते.

मुलीला फोनवर वाचून दाखविले. पूर्ण ऐकून ती म्हणाली, “सुनावणीत गप्प बसलात, ते यात नाही.”

“ते सर्वांसमोर लिहिणे आवश्यक आहे का?”

“आईवर आलं ते सर्वांसमोरच आलं ना, बाबा?”

तिचा आवाज आईसारखा होत चालला आहे.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी अकरा वाजता अनुदिनीवर पुढील मजकूर प्रसिद्ध केला:

‘या ठिकाणचे सर्व तक्ते माझ्या पत्नीने तुमच्याकडून ऐकून, तुमच्याच शब्दांत लिहिले होते. मार्च महिन्यात मी ते बदलले. तुमचे शब्द मला अशुद्ध वाटले म्हणून मी ते पुसले आणि सर्वांच्या तोंडी माझा एक शब्द घातला. मूळ शब्द आता परत मिळत नाहीत. सुनावणीत संशय माझ्या पत्नीवर आला तेव्हा मी तिथे होतो. मला विचारण्यात आले. माहीत नाही, असे मी सांगितले. तिने एकही शब्द बनवलेला नाही.’

त्यानंतर बाहेर पडलो नाही. दूध खालच्या खाली मिळाले असते, तेही आणले नाही. दुपारी सलूनवाल्याचा अभिप्राय आला: “दाढीला या काका. कुणी काय म्हणणार नाही. म्हटल तर माझ्या हातात वस्तरा आहे.”

दाढी वाढली होती, हे खरे. पण गेलो नाही.

१६ एप्रिल, बुधवार

दुसरी सुनावणी. मी बोलण्याची परवानगी मागितली आणि उभे राहून निवेदन वाचले. वाचून झाल्यावर पाणी पुढे करण्यात आले, मी ते घेतले नाही.

अधिकारी बाईंनी विचारले, “हे मागच्या तारखेला का सांगितलं नाहीत?”

तयार केलेले उत्तर होते. ते दिले नाही. म्हणालो, “लाज वाटली.”

“कसली?”

“तुम्ही कामाची स्तुती केली होती.”

उपअभियंत्यांनी मान खाली घातली. मला वाटते, ते हसू दाबत होते, नसतीलही.

निर्णय असा: जुन्या नोंदी बाद. कोणी त्या खोट्या म्हणत नाही, परंतु त्यांवर आदेश काढता येत नाही. उद्यापासून तीस दिवस नव्याने नोंदी कराव्यात, प्रत्येक घराने स्वतः लिहाव्यात, त्यांस कोणीही हात लावू नये. त्यात सांडपाण्याची लक्षणे दिसली तर खोदाईचा आदेश काढू.

बाहेर जिन्यात शिवणवाल्या बाईंनी अनुदिनीचा परवलीचा शब्द मागितला. मी तो लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

“तीस दिवस आणि वर खोदाई,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सून तिकडेच बाळंत होणार. तिची काकू आहे म्हणा. पण काकूला स्वतःचीच चार आहेत.”

मी क्षमा मागितली.

“मागा,” त्या म्हणाल्या. “पण मी काय तिला जाऊन सांगू? की शुद्धलेखन चालू होतं?”

त्या पुढे निघाल्या. गल्लीतले बाकीचे त्यांच्याबरोबर होते. मी थोडे अंतर ठेवून मागून आलो.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहालाच उठलो. सहा वाजून चाळीस मिनिटांनी नळ आला. प्रथम हवा, नंतर खाकरल्यासारखा आवाज, नंतर पाणी. काचेच्या पेल्यात धरले. दिसायला जवळजवळ स्वच्छ होते. इतके दिवस माझी अशी समजूत होती की दोष असेल तर तो दिसेल.

पेला ओठांपर्यंत नेला आणि एक घोट घेतला.

गिळता आला नाही. मोरीत थुंकला. चूळ भरली, तीही बुधल्यातल्या पाण्याने. बराच वेळ जमिनीवर बसून राहिलो. ती हे रोज करीत असे आणि त्यानंतर माझा चहा ठेवीत असे.

संगणक उघडला. नव्या तक्त्यात एकोणतीस घरांनी लिहिले होते. चौदा क्रमांकापुढे रिकामे होते. शब्द शोधू लागलो. माझ्याजवळ शब्दांचे चार कोश आहेत. एकही पुरा पडेना. आणि लोकांचे शब्द उचलण्याचा अधिकार मला नाही.

साडेसातला शिवणवाल्या बाईंचा फोन आला. पाठीमागे यंत्र चालू होते.

“काका, चौदाचं राहिलंय.”

“लिहितो आहे.”

“काय लिहिताय? एक शब्द पुरे.”

“‘तोंडात धरवत नाही.’”

यंत्र थांबले. त्या म्हणाल्या, “तीन शब्द झाले. रकान्यात बसत नाहीत.”

“बाई, रकाना रुंद करा.”